मारणाऱ्याचा श्वास

माझ्या उजव्या हाताला सासूबाई होत्या, डोळे घट्ट मिटून, आणि डाव्या हाताला नवरा, तिघांचे कोट मांडीवर घेऊन. पडद्यावर प्रभूला खांबाला बांधलं होतं आणि एक शिपाई चाबूक ओढत होता. प्रत्येक फटका पडायच्या आधी मला माहीत होता, कारण ते सगळे फटके मीच मारले होते, आमच्या तळघरातल्या स्टुडिओत, एका जुन्या गादीवर. त्यामुळे मी तशी निर्धास्त होते. हा ओला पट्टा, हा कोरडा, इथे कोबी फाटला, इथे साखळी वाजली, असं आपणच रांधलेलं चाखून बघावं तसं ऐकत होते. आणि एका फटक्यानंतर, पुढचा यायच्या आत, सबंध थिएटरभर कुणीतरी श्वास सोडला. मोठा, तोंडाने सोडलेला, शेवटाला जरासा थरथरलेला. शिपाई पाठमोरा होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून तो त्याचाच म्हणून खपून गेला. पण तो माझा होता. आपला आवाज यंत्रातून ऐकला की परक्याचा वाटतो म्हणतात. श्वासाचं तसं होत नाही. जिना चढून आल्यावर आपल्याच डोक्यात घुमणारा तो आवाज कोण ओळखणार नाही? मी पटकन तोंडावर हात ठेवला, जसा काही तो आत्ता सुटलाय आणि आत्ता कोंडता येईल. नवऱ्याला वाटलं मला भरून आलंय. त्याने कोटाच्या खिशातून रुमाल काढून दिला.

माझं काम काय ते कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईतच असते. सिनेमातला माणूस खडीवरून चालतो तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज जिथल्या तिथे नीट मिळत नाही; मग नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणाला तरी खडीवर चालावं लागतं. ते कुणी तरी म्हणजे मी. राणीच्या रेशमाची सळसळ, म्हाताऱ्याची काठी, दाराची कडी. चुंबनसुद्धा मीच देते, स्वतःच्या मनगटाला, आणि मग जाऊन हात धुते. सासूबाईंनी यावर आपला तोडगा काढला आहे. शेजारणींना त्या सांगतात, “आमची सून सिनेमात आहे. दिसत नाही, नुसती ऐकू येते.” या कामात तोंड उघडायचं नसतं, आणि मी मुळातच कमी बोलणारी, म्हणून टिकले असेन. पण खरी शिस्त श्वासाची. रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागला की श्वास धरायचा, कारण माईक इतका हावरा असतो की बाहीची चुणी मोडली तरी गिळतो. पाय चालतात, हात चालतात, छाती थांबते. ते इतकं अंगवळणी पडलं आहे की रस्ता ओलांडताना, सुईत दोरा ओवताना, चर्चमध्ये सगळे गुडघ्यांवर येतात त्या शांततेत, मी नकळत श्वास धरून असते. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणतो, “पाण्याखाली राहणारे सस्तन प्राणी शिकवताना मी तुझंच उदाहरण देतो.”

चाबकाचं काम आलं तेव्हा मी आधी फादरना विचारून आले होते. प्रभूला मारल्याचा आवाज आपण काढावा का? फादर खुर्चीवर उभे राहून दिवा बदलत होते. “आवाजच आहे ना?” ते वरूनच म्हणाले. “आणि कुणी तरी काढणारच. ज्याला काही वाटत नाही त्याच्यापेक्षा तू काढलेला बरा.” मग उतरून त्यांनी पहिल्या खेळाचे पास मिळतील का, असंही विचारलं. एवढ्यावर माझं समाधान झालं. चामड्याचे पट्टे आदल्या दिवशीच भिजत घातले, टोकांना गाठी मारल्या, जुन्या गादीवर ओला चामडी कोट ताणून बसवला. मांस फाटल्याचा आवाज कोबीचा. पानं एका झटक्यात सोलली की तो असा फाटतो की ऐकणाऱ्याचे दात आंबतात. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिस्ट, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, आणि त्याच्या शेजारी दिग्दर्शक, हातात थंड झालेला चहा. “मला नुसता फटका नकोय,” दिग्दर्शक म्हणाला, “मला वळ ऐकू आला पाहिजे.” पहिले काही फटके मी मनात क्षमा मागून मारले, प्रत्येकाला एक. मग पडद्यावरच्या हाताशी हात जुळवता जुळवता क्षमा मागायची राहून जायला लागली. मग ते नुसतं काम झालं: खांदा, कोपर, मनगट, सोड. कानसेन काचेपलीकडून एक बोट वर करायचा, म्हणजे आणखी एक. दुपार कलली तसा हात भरून आला. पडद्यावर तो खांबाला धरून पुन्हा पुन्हा उठत होता, आणि प्रत्येक वेळी तो उठला की मला पुन्हा पट्टा उचलावा लागत होता. तेव्हा माझ्या मनात प्रभू नव्हता, पाप नव्हतं, काही नव्हतं. हा आता खाली बसला तर बरं होईल, एवढंच होतं. त्याच सुमाराला कधी तरी तो श्वास सुटला असणार. मला तेव्हा कळलाही नाही. संध्याकाळी नवऱ्याने खांद्याला तेल चोळून दिलं आणि मी जेवता जेवता झोपले.

खेळ सुटला तेव्हा लोक एरवी सुटतात तसे सुटले नाहीत. एरवी नावं सुरू होताच खुर्च्या खटाखट वर होतात. या वेळी काही जण तसेच बसून राहिले, जसं काही उठलं तर कुणी बघेल. बाहेरच्या पायऱ्यांवर दोन माणसं वाद घालत होती. “इतकं दाखवायची काय गरज?” “जेवढं झालं तेवढंच दाखवलंय.” “तू होतास का तिथे मोजायला?” एक बाई भिंतीला टेकून पर्समध्ये काही तरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं, आणि ती शोधत राहिली. एक तरुण जोडपं हसत होतं, विनोदाला हसतात तसं नव्हे, थंड पाण्यात उतरल्यावर हसतात तसं. फादर कुणाचे तरी हात हातात घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा खांद्याला तेल लावायची वेळ झालेल्या माणसासारखा दिसत होता. नवऱ्याला मी विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, “डोंगर चुकीचा होता. असल्या जमिनीत असली झाडं येत नाहीत.” मग थोडं चालल्यावर म्हणाला, “ते सोडलं तर माझ्याच्याने बघवलं नाही.” सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी चपला नीट एकाशेजारी एक लावल्या, पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मला वाटलं, थकल्या असतील. पण दुसऱ्या दिवशीही त्या गप्पच. त्यानंतर एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना अडवून विचारलं, “काय हो, सुनेचा सिनेमा बघितलात म्हणे?” तेव्हा एरवी तासभर उभ्या राहिल्या असत्या त्या सासूबाई “हो, बघितला,” म्हणून वर आल्या. दिसत नाही, नुसती ऐकू येते, हे वाक्य त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. मी कान देऊन होते. माझं कामच ते. त्यांनी ओळखलं होतं का? भिंतीपलीकडून त्या मला खोकल्यावरून ओळखतात, जिन्यातल्या पावलावरून ओळखतात. डोळे मिटून बसलेल्या बाईला तो श्वास कुणाचा हे कळलं नसेल कशावरून? आणि कळलं असेल तर त्यांना काय कळलं? की आपली सून दमली होती, की आपली सून मारत होती? विचारायला तोंड उघडलं की वाटायचं, नको, त्या नाही म्हणाल्या तर खोटं वाटेल आणि हो म्हणाल्या तर पुढे काय बोलायचं.

कानसेनला मात्र मी विचारलं. तो वायरींचं भेंडोळं सोडवत बसला होता. मी समोर उभी राहिले, तसा मान वर न करता म्हणाला, “सापडला ना? मला वाटलंच, तुला सापडणार.”

“काढायला विसरलात का?”

“विसरेन कसा? पुसायला घेतला होता. मग म्हटलं, बघू या राहू देऊन. सगळ्या रिळात तेवढंच एक जिवंत वाटतं गं.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?” त्याने वायरीची गाठ दातांनी सोडवली. “हे बघ, सध्या आपल्या गावात एकाच थिएटरात चाललाय. सगळीकडे जायच्या आधी शेवटचा हात फिरवायचाय. दिग्दर्शकाच्याही पन्नास तक्रारी आहेत. तोवर सांग. नको असेल तर काढून टाकू, त्यात काय.”

त्यात काय, हे त्याला कसं सांगणार? माझा रोजचा एक नेम आहे. सकाळी उठल्यावर, कुणाशी एक शब्द बोलायच्या आत, मी खिडकीपाशी गुडघे टेकते आणि माळ घेऊन प्रभूच्या दुःखाच्या पाच जागी जाते. जाते म्हणजे खरंच जाते. माझ्या आईने मला तसं शिकवलं. नुसते शब्द म्हणू नकोस, तिथे जाऊन उभी राहा, तुझी जागा शोध, पायाखाली काय आहे ते बघ. लग्नाआधीपासून मी जात आले आहे आणि माझ्या जागा ठरून गेल्या आहेत. पकडला जायच्या आधी प्रभू जिथे प्रार्थना करतो त्या बागेत मी भिंतीच्या आत, झोपलेल्या शिष्यांच्या जवळ असते. खांबापाशी आवाराच्या कोपऱ्यात, रडणाऱ्या बायकांच्या मागे. तिथून फारसं दिसत नाही, पुढे कुणाची तरी पाठ येते, पण रडणं ऐकू येतं आणि त्यात आपलंही मिसळता येतं. मग डोक्यावरच्या मुकुटाचे काटे, मग खांद्यावरचा क्रूस, मग टेकडी. घरात आजारपण असो, पाहुणे असोत, माझा नेम चुकला नाही. आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तो माझा टेकू आहे. सिनेमा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बागेतून निघाले, आवारात आले, कोपऱ्याकडे वळले, आणि खांबाकडून तो श्वास ऐकू आला. माझाच. मी इथे, बायकांच्या मागे, आणि माझा श्वास तिथे. मी डोळे उघडले. मग पुन्हा मिटून घाईने काट्यांवर गेले. तेव्हापासून रोज तेच. बाग, आणि एकदम काटे. एक दुःख मी ओलांडूनच जात होते, चिखल टाळून बाजूने जावं तशी, आणि त्यामुळे पुढची तीनही कोरडी पडत चालली होती. काटे नुसते काटे, लाकूड नुसतं लाकूड. असं आणखी थोडे दिवस गेले असते तर माळ नुसते मणी झाली असती, आणि मग मी सकाळी उठून कशाला धरलं असतं, मला माहीत नाही.

त्या धास्तीतूनच मी पुन्हा सिनेमाला गेले. आणि मग पुन्हा. दुपारच्या खेळाला गर्दी नसायची. मी अगदी पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायची, तिरकी, म्हणजे पडद्याकडे पाठ न करताही लोक दिसतील अशी. पडद्याच्या उजेडात त्यांचे चेहरे पाण्यातून दिसावेत तसे दिसायचे. सुरुवातीला मला एवढंच बघायचं होतं की तो श्वास कुणाला ऐकू येतो का. पण बघायला लागले आणि माझं मूळ कारणच मागे पडलं. माणसं हातांचं काय करतात, याचीच मला उत्सुकता लागली. फटके सुरू झाले की कुणी स्वतःचा गळा धरायचं, कुणी शेजाऱ्याचं मनगट. एक बाई आपल्या मुलीचे डोळे झाकायचं सोडून कान झाकत होती, आणि मला वाटलं, या बाईला कळतं. एक जाडसा माणूस पुडीतले दाणे खात होता. पहिल्या फटक्याला त्याचा हात थांबला, मग त्याने तो पुडीत तसाच ठेवला, आणि बऱ्याच वेळाने, मार चालूच असताना, हळूच एक दाणा तोंडात टाकून न चावता चोखत बसला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी विचार करत होते, भूक लागली असेल, कामावरून थेट आला असेल. एक म्हातारा झोपला होता, आणि त्याची बायको त्याला उठवत नव्हती, उलट तिने आपली शाल त्याच्यावर घातली. आणि एक शिडशिडीत माणूस, चष्मा लावलेला, कुठल्या तरी कचेरीतला असावा, पुढे झुकून बसला होता, आणि प्रत्येक फटक्याबरोबर त्याची मूठ मांडीवर हलकेच पडत होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मूठ पडत होती, दोन्ही एकाच वेळी, जशी दोन वेगळी माणसं एकाच सदऱ्यात बसवली असावीत. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की त्याचं लक्ष गेलं आणि त्याने मूठ उघडून चष्मा पुसला.

तो चष्मेवाला सोडला तर लोक खरं म्हणजे तिथे रडतच नव्हते. आधी मला वाटलं हा आजच्या खेळाचा योगायोग, पण रोज तसंच. खांबापाशी सगळे आवळून बसलेले, श्वास धरून, तांबडा दिवा लागल्यासारखे. रडू फुटायचं पुढे, क्रूस घेऊन जाताना वाटेत एक बाई फडक्याने त्याचं तोंड पुसते तिथे. तिथे काही लागत नाही, काही फाटत नाही. फडक्याचा आवाजही मी अगदी हलका दिला होता, धुऊन मऊ झालेल्या उशीच्या अभ्र्याचा. आणि सबंध थिएटर हुंदके द्यायला लागायचं. मारलं तर माणसं दगड होतात आणि पुसलं तर विरघळतात, हे असं का, याचा विचार करत मी घरी यायची. आणि शिपायाचाही. त्याच्याबद्दल इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात कधी काही आलं नव्हतं. तो चाबकाचं दुसरं टोक, बस. आता वाटायचं, त्याने सकाळी काही खाल्लं होतं का? त्याला कुणी बोट वर करून दाखवत होतं का, आणखी एक म्हणून? संध्याकाळी त्याच्या बायकोने खांदा चोळून दिला असेल, आणि काय रे, आज फार काम होतं का, असं विचारलं असेल. मग तो काय म्हणाला असेल?

“पुन्हा सिनेमा?” नवऱ्याने एकदा विचारलं. “त्या तिकीटवाल्याशी मी बोलू का, महिन्याचा पास देतात का बघू?” मी म्हणाले, कामासाठी. त्याने पुढे खोदलं नाही, पण दिवा मालवताना म्हणाला, “हल्ली सकाळी खिडकीपासून लवकर उठतेस. बरं नाही वाटत का?” मी म्हणाले, गुडघे दुखतात. नेमाबद्दल मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि मला कळलं की आता हे फार लांबवता येणार नाही.

सासूबाई बोलल्या त्या चादरीच्या घड्या घालताना. घरात चादरींच्या घड्या आम्ही दोघी मिळून घालतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या, ताणायची, झटकायची, मग मी चालत त्यांच्याकडे जायचं. चादर झटकली तशी ती फट्कन वाजली आणि सासूबाई दचकल्या. चादर हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, “तुला एक विचारू? हसणार नाहीस?”

“नाही हो.”

“पाप लागतं का गं, मनात भलतं आलं तर? बोलले नाही, केलं नाही, नुसतं आलं.”

“काय आलं?”

“तो मारणारा.” त्यांनी चादरीची कड बोटांनी सरळ केली. “मी काही बघितलं नाही. मला रक्त बघवत नाही, तुला माहीतच आहे. पण कानांना पापण्या कुठे असतात? ऐकत होते. तर तो मारता मारता दमला. श्वास टाकला त्याने. आणि मी, देवाच्या दुःखात रडायला म्हणून गेलेली बाई, मनात काय म्हणाले असेन? म्हटलं, बस रे बाबा जरा. पाणी पी. थोडा टेक.” त्यांचा आवाज चिरकला. “मारणाऱ्याला! तेव्हापासून मला प्रार्थनेला बसायची लाज वाटते. कुणाला सांगू? फादरना सांगितलं तर ते मला पुन्हा बघायला पाठवतील.”

इतके दिवस त्यांच्या गप्प राहण्यात मी माझंच काही तरी शोधत होते, आणि त्या तर स्वतःचीच चोरी लपवून बसल्या होत्या. मला हसू यायला लागलं आणि रडूही. मी चादर घेऊन त्यांच्याकडे चालत गेले, माझी टोकं त्यांच्या टोकांना लावली आणि म्हणाले, “सासूबाई, तो श्वास माझा होता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खालून वरपर्यंत, जशी मी आत्ताच बाहेरून आले आहे. “तुझा?”

“चुकून राहिला. मारत मीच होते ना. दमले होते.”

“मग जेवून तरी गेली होतीस का त्या दिवशी?”

त्यांनी चादर माझ्या हातातून घेतली, एकटीनेच उरलेली घडी घातली, आणि ती छातीशी धरून म्हणाल्या, “तरीच. म्हटलं, शिपायासारखा शिपाई आणि असा का श्वास टाकतो.” मग जरा वेळाने, जसं काही आठवलं म्हणून, “पण बरं वाटलं हं मला तो थांबला तेव्हा. तेवढाच त्यालाही श्वास मिळाला असेल.”

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे? बांधलेल्याला! एकामागून एक पडत राहिले तर माणूस श्वास घेणार कधी?” त्या कपाटाकडे वळल्या. “आणि हे खालच्या बाईंना सांगू नकोस. त्या सगळ्या इमारतीला सांगतील, सूनच मारत होती म्हणून.”

त्याच आठवड्यात कानसेनने बोलावलं. दिग्दर्शक आधीच येऊन बसला होता, पुन्हा थंड चहा. त्याच्या तक्रारींचा कागद भिंतीला चिकटवलेला होता. काही लोकांना मार फार वाटला, काहींना कमी. जे कमी म्हणाले ते त्याच्या मनाला जास्त लागलेले दिसत होते. “एका बाईंनी मला दारात सांगितलं,” तो म्हणाला, “शिपाई मधेच थांबतो तेव्हा माझी लय तुटते. लय! विचार करा. माझ्या तोंडावर सांगितलं.” कानसेनने माझ्याकडे डोळा मारला आणि म्हणाला, “बघ, तुझंही काम होतंय आणि यांचंही. श्वास काढला.” त्याने खटका दाबला. पडद्यावर खांब, शिपाई, पाठ. फटका. आणि जिथे श्वास होता तिथे आणखी एक फटका. मग पुढचा.

“हा कुठून आला?” मी विचारलं.

“तुझाच आहे. त्या दिवशीच्या उरलेल्यातला. श्वास नुसता काढला तर तिथे भोक पडतं, लोकांना वाटतं थिएटरचं काही तरी बिघडलं. काही तरी भरावंच लागतं. हा अगदी चपखल बसला.”

“मस्त बसला,” दिग्दर्शक म्हणाला. “आता कुठे मोकळीक नाही.”

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग श्वासासकट लावायला सांगितलं. मग पुन्हा नवीन. एकात शिपाई थांबत होता, पडद्यावरची पाठ तेवढ्यात जराशी वर येत होती; तो नट असेल, तो आपला श्वास घेत असेल, पण येत होती. दुसऱ्यात तीच पाठ वर यायला लागायची आणि त्यावर फटका पडायचा. मी हो म्हटलं तर माझी खूण कुठेच राहणार नव्हती. जगात कुणालाही कधी कळलं नसतं की त्या आवारात माझ्यासारखं कुणी होतं. मी पुन्हा कोपऱ्यात, बायकांच्या मागे, जाऊन उभी राहू शकले असते. त्या बदल्यात फक्त हा एक फटका द्यायचा होता, आणि तोही उरलेल्यातला.

“नको,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कुठल्या कामाला नको म्हटल्याचं त्यांना आठवत नसावं.

“काय नको?” दिग्दर्शक म्हणाला.

“फटका नको. श्वास असू दे.”

“अहो बाई, इतक्या फटक्यांत एकाने काय फरक पडतो?”

“ते ज्याला बसतो त्याला विचारा.” माझा आवाज मलाच मोठा वाटला, त्या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात, तरीही. “आणि तुम्हाला हवाच असेल तर दुसऱ्या कुणाकडून मारून घ्या. माझा वापरायचा नाही.”

दिग्दर्शक काही तरी बोलणार होता. कानसेनने खुर्ची मागे सरकवली, कानांवरचं यंत्र काढलं आणि शांतपणे म्हणाला, “खरं सांगू साहेब? मलाही तो थांबलेला बरा वाटतो. त्या बाईंना लय हवी असेल तर गाण्यांचे सिनेमे पुष्कळ आहेत.” दिग्दर्शकाने चहाकडे बघितलं, तो प्यायला, तोंड वाकडं केलं. “असू दे मग,” तो म्हणाला. “पण शिपाई बाई वाटतो असं कुणी लिहिलं तर मी तुमच्याकडे पाठवेन.” मी म्हणाले, पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर झोपलेलं असताना मी खिडकीपाशी गुडघे टेकले. बागेत गेले, झोपलेल्यांच्या शेजारी बसले, निघाले. आवाराच्या दारातून आत आले तेव्हा कोपऱ्यात बायका होत्या नेहमीसारख्या, आणि त्यांच्या मागे माझ्यापुरती जागा होती. मी तिकडे गेले नाही. दगडी फरशीवरून चालत खांबाकडे गेले आणि माझ्या हातात ओला पट्टा होता, जड, जसा तो असतो. इथून प्रभूचा चेहरा दिसत नव्हता. पण इतकी जवळ मी कधीच आले नव्हते. पाठीवरचा प्रत्येक मणका दिसत होता. मग लक्षात आलं की मी श्वास धरून आहे, सवयीने. सोडला. मोठा होता, शेवटाला थरथरला, सगळ्या आवाराला ऐकू गेला असेल. मी हात खाली घेतला आणि थांबले. समोरची ती पाठ सावकाश फुगत गेली, फुगत गेली, आणि तितकीच सावकाश खाली बसली.